शुगर तपासायची का, कधी, कशी: उपकेंद्रात रोज विचारले जाणारे प्रश्न

मी एका गावच्या उपकेंद्रात सीएचओ आहे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. पाटीवर आता आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलंय पण गावात सगळे अजून सबसेंटरच म्हणतात आणि मला मॅडम. टेबलावर बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, एक टेप आणि एक जाडजूड रजिस्टर. तिशीच्या वरच्या प्रत्येकाची शुगर-बीपी बघायची हे रोजचं काम, आणि तेच ते प्रश्न दिवसातून दहा वेळा येतात, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवावं. इथं फक्त टाइप टू बद्दल आहे, म्हणजे मोठ्या माणसांना हळूहळू होणारी शुगर. ज्यांना आधीच झालीय आणि गोळ्या चालू आहेत त्यांच्यासाठी हे नाही, त्यांचे प्रश्न वेगळे.

मला काहीच त्रास नाही, मग कशाला बोट टोचून घेऊ?

त्रास नाही म्हणूनच. टाइप टू सुरू होते तेव्हा दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही, माणूस शेतात जातो, लग्नाच्या पंगतीला बसतो, सगळं करतो, आणि आत शुगर वर्षानुवर्षं थोडी थोडी चढत असते. मग एक दिवस नवी चप्पल लागते, फोड येतो, भरतच नाही, तेव्हा दवाखान्यात कळतं की शुगर साडेतीनशे आहे, आणि ती काय त्या आठवड्यात झालेली नसते. बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळतं तोवर डोळ्याच्या पडद्यावर नाहीतर पायाच्या नसांवर परिणाम दिसायला लागलेला असतो.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, इंडियाब नावाच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात भारतात १० कोटी १० लाख लोकांना डायबिटीस आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक प्रीडायबिटीसमध्ये, म्हणजे उंबऱ्यावर उभे. टक्क्यात ११.४ आणि १५.३. आणि सगळ्यात वर कोण होतं तर आपला शेजारी गोवा, २६.४ टक्के, म्हणजे चारात एक. उंबऱ्यावरच्या लोकांना तर त्रास असायचं काही कारणच नसतं, त्यामुळे "बरं वाटतंय" हा शुगर नसल्याचा पुरावा होत नाही.

पण माझ्या लघवीला मुंग्या लागत नाहीत, मी बघितलंय.

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, आमच्याकडं चाळिशीच्या वरचे निम्मे पुरुष हीच टेस्ट करून आलेले असतात. गंमत अशी की ती अगदीच खोटी नाही, फक्त फार उशिराची आहे. रक्तातली शुगर साधारण १८० च्या वर गेली की मगच किडनी ती लघवीत सोडायला लागते, त्याच्या खाली सगळी परत रक्तात ओढून घेते. म्हणजे उपाशीपोटी १४० शुगर असलेल्या माणसाला डायबिटीस आहेच, पण त्याच्या सकाळच्या लघवीकडं मुंगी ढुंकूनही बघणार नाही.

कुठल्या वयापासून करायची?

सरकारी कार्यक्रमात ३० पासून, वर्षातून एकदा, फुकट, उपकेंद्रात किंवा पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात. अमेरिकेत सगळ्यांसाठी ३५ पासून म्हणतात, पण आपल्याकडं हा आजार लवकर येतो त्यामुळे तीसच धरा. तिशीच्या आतले असाल तरी काही गोष्टी असतील तर थांबू नका: आईला किंवा वडिलांना शुगर, वजन जास्त, बीपी, बाईला पीसीओडी (अंडाशयात गाठी, पाळी अनियमित), बाळंतपणात शुगर निघालेली, दम्यासाठी नाहीतर सांध्यांसाठी बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या खाल्लेल्या. टीबी निघाला तर शुगर बघतातच, कारण शुगरवाल्याला टीबी व्हायची शक्यता दुप्पट-तिप्पट असते आणि दोन्ही एकत्र असतील तर दोन्ही आवरायला अवघड जातात.

आणि एक बघायची गोष्ट सांगते, मान. मानेच्या मागं, काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर ती मळाची नाही. पोरीला आई घासून घासून आंघोळ घालते, निघत नाही, क्रीम लावते, तरी निघत नाही. शरीरात इन्सुलिन असून ते नीट लागू पडत नाही, मग ते जास्त तयार होतं, त्याची ती खूण असू शकते. अशी मान दिसली की मी वय विचारत नाही, शुगर करते.

आशाताई घरी येऊन कसला फॉर्म भरून घेते?

त्याला आम्ही सीबॅक म्हणतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल आणि घरात कुणाला शुगर-बीपी-हार्टचा त्रास, एवढ्यावर मार्क असतात, आणि ४ च्या वर गेले की त्या माणसाला आधी बोलवायचं. पुढच्या पानावर टीबी, कॅन्सर वगैरेचे प्रश्न असतात. लक्षात घ्या, यातून शुगर आहे की नाही हे कळत नाही, फक्त रांगेत पुढं कोण ते ठरतं. मार्क कमी आले तरी तिशीच्या वरच्यांनी यायचंच आहे.

फॉर्म किती खरा भरला जातो हा वेगळा विषय. दारू विचारली की पुरुष म्हणतात सणासुदीला, आणि आमच्या गावात सण आठवड्याला येतो. बायका तंबाखूला ठाम नाही म्हणतात पण मशेरी रोज दोनदा, ती तंबाखूत धरायची असते हे त्यांच्या डोक्यातच नसतं. आशाताई गावातलीच असते, तिला सगळं माहीत असतं, तरी समोरच्याने नाही म्हटल्यावर ती तरी काय लिहिणार.

घरच्या घरी अंदाज काढता येतो का?

येतो, आणि मला हा भाग फार आवडतो कारण याला रक्त लागत नाही, टेप लागते. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर काढला, आपल्याच लोकांच्या पाहणीवरून, शंभर मार्कांचा. वय ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ ला २०, पन्नास आणि पुढं ३०. कंबर बाईची ८० सेंटीमीटरच्या आत ०, ८० ते ८९ ला १०, नव्वद आणि वर २०, पुरुषाला हेच ९० आणि १०० वर. आई किंवा वडील एकाला शुगर १०, दोघांना असेल तर २०. हालचाल अजिबात नाही तर ३०, थोडीफार २०, घाम गाळणारं काम आणि व्यायाम असेल तर ०. बेरीज ६० किंवा जास्त आली तर रिस्क मोठी, रक्त तपासायला चला. ३० ते ५० मधली, तिच्या आत कमी.

आता हिशोब करून बघा. वय ५२, आधी बैल होते तेव्हा पायी, आता ट्रॅक्टर आणि बुलेट, कंबर ९६, वडिलांना शुगर होती: ३० अधिक १० अधिक १० अधिक हालचालीचे २०, झाले ७०. हा माणूस मला सांगत होता की मी शेतकरी आहे, मला कशी होईल. शेतकरी आहात हो, पण सऱ्या सोडायला आता मजूर आहे आणि मोटर मोबाइलवरून चालू होते.

कंबर मोजायची म्हणजे पँटचा नंबर सांगायचा नाही. सगळे ३४ म्हणतात, बरोबर आहे, पण ती पँट पोटाच्या खाली असते. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड चाचपायचं, त्याच्या बरोबर मध्ये टेप, जमिनीला समांतर, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. पोट आत ओढल्याशिवाय मोजून घेणारा पुरुष मी अजून बघितला नाही, त्यामुळे मी गप्पा मारत मोजते. बायकांचं पडद्याआड, निऱ्या जरा खाली करून, नाहीतर निऱ्यांचेच चार सेंटीमीटर धरले जातात.

मी तर काटकुळा आहे, मला कशाला शुगर होतेय?

यावर पुण्यात फार मोठं काम झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. बाळं जन्मतःच हलकी, सरासरी २.७ किलोच्या आसपास, पण इंग्लंडच्या बाळांशी तुलना केली तर स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे बारीक दिसणारी पण आतून जाड. २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी फोटो आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३, पण शरीरातली चरबी ब्रिटिश डॉक्टरची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. मी ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या कमरेला टेप लावली.

म्हणून आपल्याकडं बीएमआय २३ पासून वजन जास्त धरतात, २५ ला लठ्ठ, गोऱ्या लोकांच्या २५ आणि ३० वर जाऊ नका. हात-पाय काडीसारखे आणि मध्ये मडकं, हा सगळ्यात फसवा प्रकार.

तुम्ही बोट टोचता त्यात नक्की कळतं ना?

नाही, आणि हे मी प्रत्येकाला सांगते तरी लोक ऐकून सोडून देतात. बोटाची तपासणी म्हणजे चाळण. आमच्याकडं कधीही आलेल्या माणसाची रँडम शुगर करतात, १४० किंवा वर आली की पीएचसीला पाठवायचं, तिथं नसेतून रक्त घेऊन नीट टेस्ट. १४० च्या आत आली की सध्या ठीक, पुढच्या वर्षी या. २०० च्या वर आली आणि सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरलेलं असं काही असेल तर मग मी फार वाट बघत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. त्याबरोबर उलट्या किंवा धाप असेल, माणूस गुंगीत असेल तर थेट मोठा दवाखाना.

मशीन चांगलं असलं तरी लॅबच्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडंतिकडं होणं हे त्याच्या नियमातच बसतं, म्हणजे मशीनने १४० दाखवली तर खरी १२० पण असू शकते आणि १६० पण. त्यात पावसाळ्यात स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहिलं, स्ट्रिप जुनी झाली, बोटावर स्पिरिट ओलं असताना टोचलं, रक्त येईना म्हणून पिळून पिळून काढलं, प्रत्येकाने आकडा बिघडतो.

आणि हात. आमच्याकडं गुऱ्हाळं आहेत. हंगामात एक काका गुऱ्हाळावरून थेट आले, बोट पुढं केलं, मी गडबडीत कापसाने नुसतं पुसलं आणि टोचलं, मशीन म्हणालं ३१२. काकांचा चेहरा पडला, बरोबरच्या मुलाने लगेच घरी फोन लावला, तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या नखांकडं गेलं, चिक्कीसारखा गूळ बसलेला. साबणाने हात धुवून आणले, चांगले कोरडे केले, दुसऱ्या हाताचं बोट घेतलं, पहिला थेंब पुसला, दुसऱ्यावर टेस्ट, १०९. चूक माझीच होती, पाच मिनिटं त्या माणसाने उगाच मरण बघितलं. तेव्हापासून दारात बादली-साबण आहे, आंब्याच्या दिवसात तर सक्तीच.

मग डायबिटीस आहे असं म्हणायचं कधी?

नसेतल्या रक्ताची टेस्ट. उपाशी १२६ किंवा वर, ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा वर, किंवा एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.५ टक्के किंवा वर. लक्षणं नसतील तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एकतर दोन वेगळ्या टेस्ट दोन्ही वर हव्यात नाहीतर तीच टेस्ट दुसऱ्या दिवशी परत. लक्षणं असतील आणि रँडम २०० च्या वर, तर मग तेवढंही लागत नाही.

मधला पट्टा म्हणजे प्रीडायबिटीस: उपाशी १०० ते १२५, दोन तासांची १४० ते १९९, एचबीएवनसी ५.७ ते ६.४. उपाशीचा आकडा डब्ल्यूएचओ ११० पासून धरतं त्यामुळे एकाच रिपोर्टवर एक लॅब लाल खूण करते आणि दुसरी करत नाही, घाबरू नका, भांडू पण नका.

रक्त कुठल्या ट्यूबमध्ये घेतात तेही बघा. राखाडी टोपणाची हवी, तिच्यात फ्लोराइड असतं. साध्या ट्यूबमध्ये रक्त ठेवलं तर आतल्या पेशी शुगर खात बसतात, तासाला ५ ते ७ टक्के कमी होत जाते, आणि गावातून गोळा केलेलं रक्त तालुक्याच्या लॅबला दुपारी पोचलं की १३० ची ११० झालेली असते.

उपाशी म्हणजे काय? चहा चालतो का?

नाही चालत. बिनसाखरेचा पण नाही. रात्री जेवल्यावर कमीत कमी आठ तास काही नाही, साधं पाणी हवं तेवढं. मशेरी, तंबाखू, बिडी नको. बीपीची गोळी घेता येते, पण एकदा विचारून घ्या.

आणि उपाशी म्हणजे उपास नव्हे! हे मी का लिहितेय तर आषाढीच्या दिवशी एक आजी सकाळी नऊला आल्या, उपाशी आहात ना विचारलं तर म्हणाल्या "व्हय की बाई, कडक उपास हाय," शुगर १७६. मग हळूच कळलं सकाळी साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू, केळं. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, तो खाऊन शुगर वाढली नसती तरच नवल. आता मी "आज सकाळपासून तोंडात काय काय टाकलंत" असं विचारते.

अजून एक, टेस्ट आहे म्हणून आधीचे तीन-चार दिवस भात-गोड बंद करून येऊ नका. परीक्षा तुमची नाहीये, रोजची शुगर बघायचीय.

एचबीएवनसी केलं की झालं, मग उपाशी कशाला?

सोयीची आहे हे खरं, कधीही रक्त द्या, मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी येते. पण ती हिमोग्लोबिनवर मोजतात, आणि हिमोग्लोबिनच गडबड असेल तर आकडा पण गडबडतो. लोह कमी असलेल्या बायकांत ती खोटी वाढलेली दिसू शकते, आणि आपल्याकडं निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे. सिकलसेल असेल, रक्त चढवलेलं असेल तर ती खोटी कमी येऊ शकते. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात सिकलसेल बऱ्यापैकी असल्याने तिथं नुसत्या एचबीएवनसीवर निर्धास्त होणं धोक्याचं. गरोदर बाईला तर यावर सोडतच नाहीत. माझं मत विचाराल तर स्क्रीनिंगला उपाशी शुगर स्वस्त आणि बरी, शंका राहिली तर बाकीच्या.

ग्लुकोज पाजून करतात ती आणि जेवणानंतरची पीपी एकच का?

नाही. ग्लुकोजची म्हणजे ७५ ग्रॅम मोजून, पाण्यात, पाच मिनिटांत प्यायचं, दोन तास बसून राहायचं, आणि त्यावर निदान करता येतं. पीपी म्हणजे घरचं जेवण, कोण दोन भाकरी खातो कोण ताटभर भात, त्यामुळे आधीच शुगर असलेल्यांना कंट्रोल बघायला ठीक, निदानाला नाही.

कॅम्पमध्ये १६८ निघाली होती, पण नंतर कुठं गेलो नाही. आता काय?

आता उद्या उपाशी या. राग नाही, पण हा प्रश्न आला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण माझ्या रजिस्टरमध्ये असे कितीतरी आहेत: बोट टोचलं, १४० च्या वर आली, पीएचसीची चिठ्ठी दिली, आणि पुढचा रकाना कोरा. पीएचसी नऊ किलोमीटर, एसटी सकाळी एकच, उपाशी जायचं म्हणजे तो दिवस मजुरी बुडाली, आणि मुळात काही दुखतच नाही. मी पण त्यांच्या जागी असते तर पुढच्या सोमवारी म्हटलं असतं, आणि सोमवार काय दर आठवड्याला येतो.

कॅम्पचं तर विचारूच नका. १४ नोव्हेंबरला, इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांचा वाढदिवस म्हणून जागतिक मधुमेह दिन असतो, त्या सुमारास सगळीकडं मांडव पडतात. एका वर्षी एका मंडळाने घेतला, बॅनर, फोटो, केळी वाटप, दीडशे-दोनशे लोकांची बोटं टोचली. मी संध्याकाळी वाढलेल्यांची यादी मागायला गेले तर नावंच लिहिली नव्हती, नुसत्या रेघा मारल्या होत्या, इतके नॉर्मल इतके वाढलेले. त्या वाढलेल्यांतले कोण कुठं गेले कुणास ठाऊक. बरं केळीही टेस्टच्या रांगेतच वाटली होती.

नुसत्या तपासणीने आयुष्य वाढतं का हे इंग्लंडमध्ये तपासून बघितलंय. ४० ते ६९ वयाचे, रिस्क जास्त असलेले वीस हजारावर लोक, काही दवाखान्यांनी त्यांना तपासणीला बोलावलं, काहींनी नाही, साधारण दहा वर्षांनी बघितलं तर मृत्यूंच्या प्रमाणात फरक नाही. २०१२ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. तिथं फॅमिली डॉक्टरची घडी बसलेली, लोक तसेही लवकर सापडतात, आपलं वेगळं आहे, त्यामुळे तपासणी वाया आहे असं मी यातून काढत नाही. पण बोट टोचणं म्हणजे उपचार नव्हे, एवढं तरी त्यातून कळतं. म्हणून मी आता चिठ्ठी देताना आशाताईचा नंबर लिहिते, आणि चार-पाच जण जमले की एकाच दिवशी एकाच गाडीने पाठवते, गाडीत शेजारी असला की माणूस मागं फिरत नाही.

प्रीडायबिटीस म्हणजे शुगर झालीच की?

नाही झाली. पण गाडी उताराला लागलीय. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर अभ्यास केला, २००६ मध्ये छापून आला. ज्यांना नेहमीसारखा सल्ला देऊन सोडलं त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत डायबिटीस झाला. ज्यांच्या चालण्या-खाण्याच्या मागं लागून पाठपुरावा केला त्यांच्यात ३९.३ टक्के, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिली त्यांच्यात ४०.५ टक्के. म्हणजे रोजचं अर्धा तास चालणं आणि ताट बदलणं गोळीच्या तोडीस तोड. आणि खरं तेही सांगते, शंभरातल्या चाळीसजणांना सगळं करूनही झाला, त्यामुळे झाला तर स्वतःला दोष देत बसू नका.

ताट बदलायचं म्हणजे काय? भात अर्धा, आमटी-उसळ दुप्पट, भाकरी पिठल्याबरोबर ठीक आहे पण पाच नको. चहा मोजा. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, दहा चमचे साखर रोज, आणि तरी माणूस म्हणतो मी गोड खातच नाही.

गूळ चालतो ना, नैसर्गिक आहे?

नाही. मध पण नाही. काकवी पण नाही. (गुऱ्हाळवाल्या काकांनी हे वाचू नये.)

बाळंतपणात शुगर निघाली होती, नंतर नॉर्मल झाली. आता काळजी नाही ना?

उलट सगळ्यात जास्त तुमचीच. गरोदरपणात शुगर निघालेल्या बाईला पुढं टाइप टू व्हायची शक्यता बाकीच्या बायकांपेक्षा कितीतरी पट जास्त असते. बाळ सहा आठवड्यांचं झालं की ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट, आणि नॉर्मल आली तरी दर वर्षी शुगर.

होतं काय, पहिलं बाळंतपण माहेरी. फाइल माहेरच्या कपाटात. सव्वा महिन्याने सासरी येते तेव्हा बाळाचं लसीचं कार्ड आठवणीने आणते, आईची फाइल कुणी आणत नाही. इथं मला काहीच माहीत नसतं, तीही विसरून जाते, दुसऱ्या वेळी थेट सातव्या महिन्यात शुगर दोनशे. म्हणून बाळाला दीड महिन्याची लस द्यायला आलेल्या प्रत्येक आईला मी एकच विचारते, तुम्हाला ते गोड पाणी पाजून रक्त घेतलं होतं ना, त्याचं काय आलं?

एकदा गोळी लागली की आयुष्यभर, म्हणून नकोच ती टेस्ट.

टेस्टने शुगर होत नाही हो, कळते. गोळी कधी लागेल, किती दिवस, ते पीएचसीचे डॉक्टर ठरवतील, मेटफॉर्मिन तिथं फुकट मिळते. निदान झाल्यावर पहिल्याच खेपेला डोळ्याचा पडदा, पायाची संवेदना, लघवीतलं प्रोटीन, किडनी, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं बघून घ्या, नंतर बघू म्हणू नका.

नॉर्मल आली, परत कधी?

वर्षाने. वाढदिवसाला करा नाहीतर बेंदराला, लक्षात राहील असं काहीतरी.

आमचे सासरे यायलाच तयार नाहीत, काय करू?

बाप्ये लोक उपकेंद्रात येत नाहीत, ती बायका-पोरांची जागा असं त्यांना वाटतं. मी बरेच दिवस चिडले, मग जागाच बदलली. गावात दूध डेअरीवर सकाळी सहाला सगळे पुरुष किटली घेऊन रांगेत असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात चहा पण गेलेला नसतो, म्हणजे उपाशी शुगरला याहून सोयीची वेळ नाही. आठवड्यातून एकदा मी आणि आशाताई तिथं टेबल लावतो, फॅट लागायच्या आधी बोट. पहिल्या दिवशी तिघंच पुढं आले, बाकीचे लांबून बघत होते. मग एकाची १८४ निघाली, त्याला पीएचसीला पाठवला, पक्की झाली, गोळी सुरू झाली, आणि तो रोज रांगेत सगळ्यांना आपला आकडा सांगायला लागला. आता सासऱ्यांना सांगू नका की मॅडमकडं चला, म्हणा दूध तुम्ही घालून या. डेअरीवाला हल्ली कॅन मापाला घ्यायच्या आधीच विचारतो, चहा झालाय का? नसेल तर मॅडमकडं जाऊन या मग.